फ्लॅट विकायला काढताय? पेंटरला सगळ्यात शेवटी बोलवा: रिसेल घर दाखवण्याआधीची तयारी, क्रमाने

रिसेल फ्लॅट विकायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिला फोन पेंटरला जातो आणि दुसरा एजंटला, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. रंग होतो, घर मस्त दिसतं, फोटो टाकले जातात, आणि महिनाभरात बाथरूमच्या मागच्या भिंतीवर परत पोपडे येतात. मग लोकं येतात, बघतात, "कळवतो" म्हणून जातात आणि कळवत नाहीत. घर चांगलंच असतं हो, चुकलेला असतो तो कामांचा क्रम.

खाली लिहिलंय ते मुख्यतः पुण्या-मुंबईकडच्या, ठाणे-नाशिककडच्या पंधरा ते तीस वर्षं जुन्या फ्लॅटसाठी. कडप्प्याचा ओटा, मोझॅक टाइल्स, भिंतीतून गेलेले जुने जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप अशी घरं. नवीन बिल्डिंग असेल तर काही पायऱ्या पटकन उरकतील, पण क्रम हाच ठेवा. ओल नसेल तर तीन-चार आठवडे धरा, ओल असेल तर दोन महिने, आणि पावसाळा चालू असेल तर त्याहून जास्त.

१. आधी कागद, मग घर

घराला हात लावायच्या आधी फाइल काढा. कारण एखादा कागद कमी निघाला तर तो मिळायला जो वेळ लागतो त्यातच घराची कामं होऊन जातात, उलटं केलं तर रंगवलेलं घर कागदासाठी वाट बघत बसतं.

फाइलमध्ये काय हवं: बिल्डरपासून तुमच्यापर्यंतची सगळी अ‍ॅग्रीमेंट साखळीने, प्रत्येकाचं इंडेक्स टू (रजिस्ट्रेशन ऑफिसातला दस्तनोंदणीचा उतारा) आणि स्टॅम्प ड्युटी भरल्याचा पुरावा, सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्राची कॉपी, मंजूर नकाशा, चालू वर्षाची प्रॉपर्टी टॅक्सची पावती, मेंटेनन्सची शेवटची पावती, लाइट बिल. पुण्यात बऱ्याच बिल्डिंगा सोसायटी नसून अपार्टमेंट असतात, १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतंच, डीड ऑफ अपार्टमेंट असतं. आपलं नक्की काय आहे हे घरमालकालाच माहीत नसणं फार कॉमन आहे आणि समोरच्याच्या वकिलाने पहिलाच प्रश्न हा विचारला की अडखळायला होतं.

लोन चालू असेल तर ओरिजिनल कागद बँकेत असतात. बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि त्यांच्याकडे कुठकुठले कागद आहेत त्याची लिस्ट मागून ठेवा.

घर वडिलांच्या नावावर होतं आणि ते आता नाहीत, अशी केस असेल तर सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लागलं एवढ्यावर जाऊ नका. बाकीच्या वारसांचं रजिस्टर्ड हक्कसोडपत्र किंवा सगळ्यांच्या सह्या हे आधी वकिलाकडून मार्गी लावा. घर बघून पसंत केलेलं गिऱ्हाईक परत जातं ते बऱ्याचदा याच कारणाने.

*तपासून बघा:* अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू, टॅक्स पावती, लाइट बिल या चारही ठिकाणी नाव आणि फ्लॅट नंबर एकच आहे ना? लाइट बिल अजून आधीच्या मालकाच्या नावावर असणं ही नेहमीची गोष्ट, आत्ताच बदलून घ्या.

*सावधान:* बघायला आलेल्या कुणालाही ओरिजिनल देऊ नका, व्हॉट्सअ‍ॅपवर पूर्ण फाइलही पाठवू नका. झेरॉक्सवर आडवी रेघ मारून "फक्त पाहणीसाठी" आणि तारीख लिहा, आधार नंबर झाका.

२. घर रिकामं करा, आणि माळ्यापासून सुरुवात करा

रिकामं म्हणजे फर्निचर हलवा असं नाही. पण घरातलं निदान तिसरा भाग सामान बाहेर गेलं पाहिजे, आणि ते प्लंबर यायच्या आधी, कारण कपाटं सरकल्याशिवाय मागची ओल दिसतच नाही.

लोकं हॉल आवरतात आणि सगळं माळ्यावर नाहीतर ड्राय बाल्कनीत कोंबतात. बघायला येणारे नेमकं तेच उघडतात! बाई आल्या की त्या हॉलमध्ये दोन मिनिटं थांबतात आणि सरळ किचनमध्ये जाऊन सिंकखालचं दार उघडतात. तिथे भांड्यांचा ढीग, ओली फडकी, जुन्या पिशव्या आणि फुगलेलं प्लाय दिसलं की तोंडाने कुणी काही बोलत नाही, पण भावात ते कापलं जातं. माळा अर्धा रिकामा दिसला तर "जागा भरपूर आहे" असं वाटतं, गच्च भरलेला दिसला तर "यांनाच पुरत नाही, आपल्याला काय पुरणार" असं.

क्रम असा ठेवा: माळा, बेडचे बॉक्स, किचनच्या ट्रॉल्या, बाल्कनी, मग हॉल. जुने डबे, बंद मिक्सर, तुटकी खुर्ची, पोरांची दहावीची पुस्तकं, सगळं भंगारवाल्याकडे किंवा ज्याला हवं त्याला. देण्यासारखं नाही पण ठेवायचंय असं सामान एखाद्या नातेवाइकाकडे हलवा, बिल्डिंगच्या जिन्यात किंवा पार्किंगमध्ये नको.

देवघर तसंच राहू द्या, फक्त तेलाचे डाग आणि धुराने काळी झालेली मागची टाइल पुसून घ्या. फॅमिली फोटोंबद्दल लोकं उगाच ताण घेतात, एक-दोन राहिले तर काही बिघडत नाही. भिंतभर खिळे मात्र काढा.

३. पाणी आणि ओल: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

प्लंबर बोलवायच्या आधी स्वतः फिरा, हातात टॉर्च घ्या. बाथरूमच्या भिंतीची बाहेरची बाजू (बहुतेक वेळा बेडरूममधलं कपाट तिथेच असतं), खिडकीच्या खालचे कोपरे, वरच्यांच्या बाथरूमखालचं सीलिंग, डक्टकडची भिंत, सिंकखाली. पिवळा डाग, फुगवटा, पांढरी भुकटी, बोटाने दाबलं की गळणारं प्लास्टर यातलं काहीही दिसलं की मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

भिंत ओली आहे की जुनाच डाग आहे हे कळायला सोपी टेस्ट आहे. पारदर्शक प्लॅस्टिकचा हात-दीड हाताचा तुकडा डागावर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. प्लॅस्टिकच्या आतून, म्हणजे भिंतीकडच्या बाजूने दमटपणा धरला तर ओल भिंतीतून येतेय. फक्त बाहेरच्या बाजूने थेंब असतील तर तो खोलीतला दमटपणा, तिथे हवा खेळती ठेवली तरी भागतं.

बाथरूम गळतंय का हे बघायला पाणी भरून ठेवायचं. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून या. नाहणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं जाळीचं तोंड) कापड आणि प्लॅस्टिकने बंद करा, उंबऱ्याच्या थोडं खालीपर्यंत पाणी भरा, पातळीला पेन्सिलने खूण करा आणि २४ तास त्या बाथरूमचा वापर बंद. दुसऱ्या दिवशी खूण बघा आणि खाली जाऊन त्यांचं सीलिंग बघा. खालचे शेजारी तुमच्यावर आधीपासूनच नाराज असतील तर ही टेस्ट करणं जास्तच गरजेचं, कारण घर बघायला आलेली माणसं जिन्यात त्यांनाच विचारतात.

गळती निघाली तर दोन प्रकार असतात. टाइल्सच्या फटीतून पाणी जात असेल तर जुनं व्हाइट सिमेंट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून घ्या, ट्रॅपच्या आणि कमोडच्या भोवतीची फट नीट बुजवा, आणि टेस्ट परत करा. पाइपच गळत असेल किंवा टाइल्सखालचा कोबाच (सिमेंटचा थर) गेला असेल तर ग्राउटने काही होणार नाही, तिथे तोडफोड आहे आणि ती करायची की भावात धरायची हा निर्णय तुमचा. माझं मत विचाराल तर एकच बाथरूम असेल तर करून टाका, कारण नव्या माणसाला आल्या आल्या एकुलतं एक बाथरूम बंद ठेवणं परवडत नाही. दोन असतील आणि तुमच्याकडे वेळ नसेल तर उघड सांगून भाव ठरवा.

गळती वरच्या फ्लॅटची असेल किंवा गच्चीची असेल तर सोसायटीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नुसतं सेक्रेटरींना जिन्यात सांगितलं म्हणजे अर्ज नव्हे.

जुन्या जीआय पाइपचं एक लक्षात ठेवा. रात्रभर नळ बंद राहिला की सकाळी पहिलं पाणी गंजाचं, पिवळट येतं. तुम्हाला सवय असते, तुम्ही ते सोडून देता, पण बघायला आलेला माणूस नळ सोडतो आणि त्याला पहिलं तेच दिसतं. पाइप बदलणार नसाल तर निदान लोकं यायच्या आधी सगळे नळ पाच मिनिटं सोडून घ्या, आणि विचारलं तर पाइप जुने आहेत हे खरं सांगा.

बाकी छोटी कामं प्लंबरच्या एकाच फेरीत: ठिबकणाऱ्या नळांचे वॉशर, न फिरणारे अँगल कॉक, सतत वाहणारा फ्लश टँक, सिंकचा वेस्ट पाइप, ट्रॅपवरच्या तुटक्या जाळ्या.

*सावधान:* ओलीवर वॉलपेपर, पॅनेल, कपाट, मोठा कॅलेंडर असलं काही लावून झाकू नका. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम ५५ सांगतं की विकणाऱ्याला माहीत असलेला पण घेणाऱ्याला साध्या पाहणीत सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगायचाच असतो. आणि कायदा सोडा, पहिल्या पावसात त्या कुटुंबाच्या बेडरूममध्ये पाणी आलं तर ते चूक आहेच.

४. वाळवी, झुरळं, मग वीज, मग सुतार

हे तीन भराभर, पण याच क्रमाने.

वाळवी म्हणजे चौकटीच्या कडेने वर चढलेली मातीची बारीक रेघ. चौकट ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर आधी ट्रीटमेंट, मग सुतार, पेंटिंग त्यानंतर. झुरळांचं जेल घर दाखवायच्या दोन-तीन आठवडे आधी लावून घ्या, आदल्या दिवशी लावलं तर मेलेली झुरळं पाहुण्यांसमोर बाहेर येतात.

इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक पॉइंट चालू करून घ्या, सैल स्विच, काळे पडलेले सॉकेट, आवाज करणारे पंखे. ईएलसीबी (शॉक लागू नये म्हणून वीज आपोआप तोडणारा स्विच) असेल तर त्याचं टेस्टचं बटण दाबून ट्रिप होतो का बघा. एका खोलीतले सगळे बल्ब एकाच रंगाचे लावा, एक पिवळा एक पांढरा असेल तर भिंतीचा रंग डागाळल्यासारखा दिसतो. पॅसेजमध्ये आणि बाथरूममध्ये चांगला उजेड हवाच.

सुताराकडे घासणारी दारं, ढिल्या कड्या, अडकणाऱ्या ट्रॉल्या. पावसाळ्यात दार फुगलं म्हणून जास्त रंधा मारून घेऊ नका, उन्हाळ्यात तिथे फट दिसेल.

५. फरशी, आणि मगच रंग

मोझॅक किंवा मार्बलची फरशी असेल तर मशीन पॉलिश करून घेण्यासारखा दुसरा खर्च नाही, एवढा फरक पडतो. पण पॉलिश करताना जी राड उडते ती स्कर्टिंगच्या वर हातभर भिंतीला लागते, म्हणून पॉलिश आधी आणि रंगाचा शेवटचा हात नंतर. उलटं केलेली घरं बघितलीत, भिंतीच्या खालच्या पट्ट्यात करडे शिंतोडे असतात आणि पेंटर परत यायला तयार नसतो. फरशीला पॉलिश झालं की रंगाच्या वेळी वर्तमानपत्र नको, जाड प्लॅस्टिक अंथरा.

जिथे नवीन प्लास्टर केलंय तिथे निदान तीन-चार आठवडे वाळू द्या आणि वरची प्लॅस्टिकची टेस्ट परत करा. टेस्ट कोरडी आली तरच प्रायमर. पेंटरला घाई असते, तो म्हणेल "साहेब, पंखा लावून ठेवा, उद्या मारतो." ऐकू नका.

जुन्या घरांत किचन आणि पॅसेजच्या खालच्या भागाला ऑइल पेंट असतो. त्यावर सरळ इमल्शन मारलं की नख लावलं तरी साल निघते. आधी पॉलिशपेपरने घासून चकाकी घालवायची, प्रायमर, मग लांबी (पुट्टी), परत घासणे, परत प्रायमर, मग दोन हात.

रंग एकच, फिकट, सगळ्या खोल्यांना तोच. सीलिंग पांढरं. एक जांभळी भिंत तुम्हाला आवडत असेल, पण घेणाऱ्याच्या डोक्यात लगेच "हे परत रंगवायला लागणार" चा हिशोब सुरू होतो. दाराची चौकट, खिडक्यांचे गज आणि मेन डोअर विसरू नका, नेमके हेच राहतात.

मॉड्युलर किचन, नवीन बाथरूम टाइल्स, फॉल्स सीलिंग हे विकण्यासाठी म्हणून करू नका. नवीन माणूस स्वतःच्या आवडीने ते तोडून परत करणार असतो, तुमचे पैसे भावात पूर्ण परत येत नाहीत. चालू स्थितीतलं, स्वच्छ, कोरडं घर एवढंच पुरतं.

*तपासून बघा:* रंग झाल्यावर आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवा. ताज्या रंगाचा वास येणाऱ्या घरात लोकांना पहिली शंका येते की काहीतरी झाकलंय.

६. सफाई: इथे अ‍ॅसिड आणू नका

सफाईवाले बाटली घेऊन येतात आणि सगळीकडे एकच अ‍ॅसिड फिरवतात. त्याने नळांचं क्रोम उडतं. मार्बल, कोटा, शहाबादी आणि आपला कडप्पा हे सगळे अ‍ॅसिड लागलं की पांढरे पडतात, आणि ओट्यावरचा तो पांढरा ओघळ परत जात नाही. नळावरच्या खाऱ्या पाण्याच्या डागांना व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं दहा मिनिटं गुंडाळा, घासा, पाण्याने धुवा, पण थेंब कडप्प्यावर पडू देऊ नका. आणि अ‍ॅसिड व ब्लीच कधीही एकत्र नको, त्यातून विषारी वायू निघतो.

वरून खाली या: पंखे, ट्यूब, कपाटांच्या वरचा भाग, ग्रिल, स्लायडिंगचे ट्रॅक, शेवटी फरशी. चिमणीची जाळी गरम पाणी आणि सोड्यात टाका. बाल्कनीत कबुतरांची घाण असेल तर आधी ओली करून मग काढा, कोरडी झाडू नका, ती धूळ छातीला वाईट. जाळी फाटली असेल तर बदलून घ्या.

दाराबाहेर पण बघा. चपलांचा ढीग, गेल्या दसऱ्याचं वाळलेलं तोरण, खराब बेल. घर बघायला आलेला माणूस दार उघडेपर्यंत तिथेच उभा असतो.

घर बंद असेल तर वेगळी काळजी. ट्रॅपमधलं पाणी वाळतं आणि गटाराचा वास थेट आत येतो, मग कितीही साफ केलं तरी उपयोग नाही. आठवड्यातून एकदा जाऊन प्रत्येक ट्रॅपमध्ये आणि कमोडमध्ये पाणी ओता, खिडक्या उघडा. वीज तोडू नका. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या काढून टाका.

७. फोटो

दिवसा काढा, सगळे पडदे उघडे, सगळे दिवे चालू. लेन्स पुसा. मोबाइल आडवा, छातीच्या उंचीवर, खोलीच्या कोपऱ्यातून, भिंती सरळ दिसल्या पाहिजेत. वाइड अँगलने खोली दुप्पट दाखवू नका, माणूस प्रत्यक्ष आल्यावर त्याला ती लहान वाटते आणि फसल्याची भावना येते. बाथरूमचा, पार्किंगचा आणि बिल्डिंगच्या दर्शनी भागाचा फोटो हवाच, नसला की लोकं वाईट गृहीत धरतात.

*सावधान:* फोटोत कपाटाची किल्ली, औषधं, नावाचे कागद, मुलांचे फोटो येत नाहीत ना बघा. कार्पेट एरिया अ‍ॅग्रीमेंटमध्ये आहे तोच लिहा.

८. बघायला लोकं येतात तेव्हा

वेळ घराप्रमाणे ठरवा. पूर्वेचा हॉल असेल तर सकाळी, पश्चिमेचा असेल तर दुपारी तीनला बोलवू नका. पितृपक्षात बरेच जण घर बघतात पण टोकन देत नाहीत, त्यांच्यावर जोर करू नका. दसरा, पाडवा, अक्षय तृतीया गाठायची असेल तर वरची सगळी कामं त्याआधी महिनाभर उरकलेली हवीत.

यायच्या तासभर आधी: नळ सोडून घ्या, खिडक्या उघडा, दिवे लावा, टीव्ही बंद, दागिने आणि पैसे कुलपात. मासे तळणं, फोडणी हे त्या दिवशी उशिरा. जोरदार अगरबत्ती किंवा रूम फ्रेशनर नको.

बोलणारा एकच माणूस ठेवा. आई एक भाव सांगते, मुलगा दुसरा, असं झालं की गेलं. दार उघडा, एकदा सगळ्या खोल्या दाखवा आणि मग बाजूला व्हा, त्यांना त्यांच्यात बोलू द्या. ते टाइल ठोकतील, फ्लश करतील, कंपास काढून दिशा बघतील. वास्तूवरून वाद घालू नका, मेन डोअर कुठल्या दिशेला आहे तेवढं सांगा.

हे प्रश्न हमखास येतात, उत्तरं आधीच कागदावर काढून ठेवा: पाणी किती वाजता आणि किती वेळ, उन्हाळ्यात टँकर लागतो का, मेंटेनन्स किती, पार्किंग कुठलं आणि त्याचा कागद काय, लिफ्ट आहे का, कन्व्हेयन्स (जमीन बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, रिडेव्हलपमेंटची चर्चा आहे का, ट्रान्सफर फी किती. सोसायटी असेल तर महापालिका हद्दीत ट्रान्सफरच्या प्रीमियमवर (फ्लॅट नव्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम) सरकारने २५,००० रुपयांची कमाल मर्यादा घातलेली आहे, तुमची सोसायटी डोनेशनच्या नावाने जास्त मागत असेल तर सेक्रेटरींशी आधीच बोलून घ्या. रिडेव्हलपमेंटबद्दल जेवढं मीटिंगच्या इतिवृत्तात आहे तेवढंच सांगा.

९. बँकेचा माणूस येईल, तयारी मोडू नका

टोकन घेतलं की लोकं ढिले पडतात, सामान परत पसरतं. पण घेणाऱ्याला लोन हवं असेल तर बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा माणूस) घर बघायला येतो आणि तो मंजूर नकाशा घेऊन येतो. बाल्कनी हॉलमध्ये घेतलीय, टेरेस झाकलाय, मधली भिंत काढलीय, हे सगळं तो लिहून नेतो, आणि तेवढ्यावरून लोनची रक्कम कमी होऊ शकते. असा बदल तुमच्या घरात असेल तर घेणाऱ्याला टोकनच्या आधीच सांगा आणि नकाशावर दाखवा. व्हॅल्युअर येईल त्या दिवशी सगळ्या खोल्या, माळा, ड्राय बाल्कनी उघडी ठेवा, फाइल टेबलवर ठेवा, आणि तुम्ही स्वतः घरी थांबा.